‘हॅपी बर्थडे’च्या पुढचं वाक्य : सोलापूरहून ब्रिटनला नव्याने आलेल्यांसाठी

सोलापुरात आज वाढदिवस कुणाचा, हे विचारावं लागत नाही. सात रस्त्यावरून एक चक्कर मारली की फ्लेक्सवर सगळं सापडतं: गॉगल लावलेला फोटो, चार बिरुदं आणि खाली शुभेच्छुकांची पन्नास नावं. घरात सकाळी औक्षण, रात्री बाराच्या ठोक्याला केक, कट्ट्यावर ‘काय बे, पार्टी कधी?’ अशा दणदणीत रिवाजातून उठून माणूस इथल्या ऑफिसात येऊन बसतो आणि पहिल्याच महिन्यात एक पाकीट गुपचूप त्याच्या हातात येतं. आत एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाचं कार्ड असतं, त्यावर सगळ्यांनी एकेक ओळ लिहिलेली असते आणि आता आपली पाळी असते. इंग्रजी येत असतं. तरी आपण लिहिलेली ओळ बाकीच्या ओळींत वेगळी उठून दिसते, लग्नात सफारी घालून आलेल्या पाहुण्यासारखी.

चूक व्याकरणाची नसते. मराठीत शुभेच्छेचं वजन शब्दांत असतं. हार्दिक, उदंड, निरामय, यशाची उत्तुंग शिखरं. शब्द जितका मोठा तितका जिव्हाळा जास्त. रोजच्या इंग्रजीत शुभेच्छा दोन शब्दांत संपते आणि जिव्हाळा त्याच्या पुढच्या साध्या वाक्यात असतो. आपण पहिला भाग फुगवतो आणि दुसरा विसरतो.

दोन शब्द म्हणजे ‘हॅपी बर्थडे’. पुढे नाव जोडा: ‘हॅपी बर्थडे, सॅम.’ साहेब असो, शेजारची आजी असो, सफाईला येणारी बाई असो, पोराचा वर्गमित्र असो, हेच चालतं. वय आणि हुद्दा पाहून शब्द बदलावा लागत नाही. ‘हॅपी बर्थडे टू यू’ हे फक्त गाण्यात. बोलताना ‘टू यू’ लावलं तर आता हा गाणार की काय, असं समोरच्याला वाटतं. ‘व्हेरी’ घालायचंच असेल तर आधी ‘अ’ हवा, ‘अ व्हेरी हॅपी बर्थडे’, आणि तेही कार्डावर जास्त शोभतं.

आता पुढचं वाक्य. इथे काळ सांभाळायचा असतो आणि नेमकं तिथेच घसरायला होतं. सकाळी भेट झाली तर ‘होप यू हॅव अ लव्हली डे’. दुपारी, म्हणजे दिवस अर्धा उलटल्यावर, ‘होप यू आर हॅविंग अ गुड वन’. संध्याकाळी निघताना किंवा दुसऱ्या दिवशी ‘होप यू हॅड अ नाइस डे’. रात्री नऊला ‘हॅव अ ग्रेट डे’ पाठवणं म्हणजे जेवून हात धुतलेल्या माणसाला ‘सावकाश जेवा’ म्हणणं.

त्यानंतर एक प्रश्न: ‘डुइंग एनिथिंग नाइस?’ किंवा ‘अप टू एनिथिंग नाइस?’ ब्रिटनमध्ये खरी शुभेच्छा हीच. उत्तर बहुतेक वेळा बेताचंच येतं, ‘नॉट मच, जस्ट डिनर विथ द फॅमिली’. त्यावर ‘साउंड्स लव्हली’ म्हणून थांबायचं. कुठल्या हॉटेलात, कोण कोण येणार, किती खर्च, नवऱ्याने काय दिलं, ही आपली पुढची प्रश्नावली इथे चौकशी ठरते. ‘लव्हली’ हा शब्द पुरुषांनीही बिनधास्त वापरावा. आपल्याकडे शिकवलेल्या इंग्रजीत तो बायकी वाटतो, इथे बसचा ड्रायव्हरही सुटे पैसे घेताना ‘लव्हली’ म्हणतो.

‘विश केलं’ची अडचण

मराठीत आपण सर्रास म्हणतो, ‘तिने मला विशसुद्धा केलं नाही.’ तेच इंग्रजीत जातं: ‘शी डिड नॉट विश मी’, ‘डिड यू विश हिम?’ भारतात हे कुणालाही कळतं. इथे वाक्य अर्धवट ऐकू येतं, कारण ‘विश’ या क्रियापदाला काय चिंतलं तेही सांगावं लागतं. ‘आय विश्ड हर अ हॅपी बर्थडे’ बरोबर, पण बोलताना लोक तेही टाळतात आणि ‘आय सेड हॅपी बर्थडे टू हर’ म्हणतात. ‘डिड यू विश हिम?’ऐवजी ‘डिड यू से हॅपी बर्थडे टू हिम?’ एवढं बदललं तरी अर्धं काम झालं.

दुसरी गफलत लेखी. ‘विश यू अ व्हेरी हॅपी बर्थडे’ या वाक्याला कर्ता नाही. मराठीत कर्ता गाळून चालतं, ‘शुभेच्छा देतो’ म्हटलं की कोण देतो ते कळतं. इंग्रजीत एक तर ‘आय’ हवा किंवा ‘विशिंग’ हवं: ‘विशिंग यू अ व्हेरी हॅपी बर्थडे’. हे कार्डावर ठीक आहे. तोंडाने म्हटलं तर भाषण वाटतं.

आणि केकसमोर कुणी ‘मेक अ विश’ म्हणालं तर ती तिसरीच गोष्ट. मेणबत्त्या फुंकणाऱ्याने मनात काहीतरी मागायचं असतं आणि ते कुणाला सांगायचं नसतं. सांगितलं की खरं होत नाही, अशी समजूत. ‘व्हॉट डिड यू विश फॉर?’ असं मागे लागू नका.

मेनी मेनी रिटर्न्स

शाळेत पाठ केलेलं ‘मेनी मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे’ हे आपल्या पिढीच्या जिभेवर गोंदलेलं आहे. त्याचा अर्थ साधा: हा दिवस तुझ्या आयुष्यात आनंदाने पुन्हा पुन्हा परत येवो. ‘रिटर्न्स’ म्हणजे दिवसाचं परत येणं. परत भेट देणं वगैरे काही नाही. ब्रिटनमध्ये ‘मेनी हॅपी रिटर्न्स’ आजही ऐकू येतं, पण मुख्यतः वयस्कर लोकांच्या तोंडी आणि कार्डांवर. ‘ऑफ द डे’ फार जुनं झालं, आणि दोनदा ‘मेनी’ म्हटलं की बोलणारा भारतीय उपखंडातला, हे पाहायचीही गरज उरत नाही. अमेरिकेत तर हा वाक्प्रयोग फारसा चालत नाही. सत्तरीच्या शेजारणीला ‘मेनी हॅपी रिटर्न्स’ म्हणा, तिला बरं वाटेल. पंचविशीच्या सहकाऱ्याला नको.

कुणी आपल्याला असं म्हटलं तर उत्तर ‘थँक यू’. ‘सेम टू यू’ नव्हे. ही चूक दिवाळीच्या सवयीने होते. दिवाळी दोघांची असते, वाढदिवस एकाचाच.

जे शब्द सामानातच राहू द्यावेत

‘हार्दिक’चं भाषांतर म्हणून ‘हार्टी विशेस’, ‘हार्टिएस्ट काँग्रॅच्युलेशन्स’ लिहिलं जातं. ‘हार्टी’ इथे रोजच्या बोलण्यात सूप, नाश्ता नाहीतर हसणं यांना लागतं. शुभेच्छेला लावलं की जेवणाची आठवण येते. ‘काँग्रॅच्युलेशन्स’ हे काहीतरी मिळवल्याबद्दल: नोकरी, परीक्षा, लग्न, बाळ. नुसतं एक वर्ष वाढल्याबद्दल अभिनंदन म्हणजे थट्टा वाटू शकते. शंभरी गाठली तर गोष्ट वेगळी.

‘मे यू लिव्ह हंड्रेड इयर्स’ हा शतायुषी भवचा अवतार. भाव सुंदर, पण ७८ वर्षांच्या माणसाला तो ‘आता बावीसच राहिली’ असा ऐकू येतो. शंभरीचं कौतुक इथे निराळ्या वाटेने होतं: वयाची १०० वर्षं पूर्ण करणाऱ्याला राजाकडून शुभेच्छापत्र येतं. पाचव्या जॉर्जने १९१७ मध्ये सुरू केलेली ही प्रथा आहे. पुढे १०५व्या वाढदिवसाला आणि मग दरवर्षी असं पत्र मिळतं. ‘गॉड ब्लेस यू’ आपल्याकडे थोरांच्या तोंडी सहज येतं. इथे ते शिंकेनंतर म्हणतात किंवा देवभोळ्या वयस्करांकडून ऐकू येतं; तिशीतल्या माणसाने सहकाऱ्याला म्हणू नये. ‘ऑन द ऑकेजन ऑफ युअर बर्थडे’, ‘प्रॉस्परस लाइफ’, ‘रिस्पेक्टेड सर’, हे सगळं बॅगेतच ठेवा. साहेबांना नुसत्या नावाने हाक मारणं पहिले सहा महिने जिभेला जड जातं. ‘अहो’ला इंग्रजीत जागा नाही. आदर जातो कुठे, तर तो ‘थँक्स फॉर ऑल युअर हेल्प विथ द प्रोजेक्ट’ अशा नेमक्या कौतुकात. आणि ‘बे’ची सोय आहे: मित्राला ‘हॅपी बर्थडे, मेट’. साहेबांना ‘बे’ म्हणत नाही, तसंच त्यांना ‘मेट’ही नाही.

‘एच बी डी’ अशी तीन अक्षरं व्हॉट्सअॅपवरच्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये शंभरातली एक म्हणून खपतात. एकट्याला पाठवली तर कंटाळा दिसतो. लांबलचक फॉरवर्ड, गुलाब आणि सुविचार यांनी उलट गोंधळ होतो, हे आपल्यासाठीच लिहिलंय की चुकून आलंय, तेच कळत नाही. ‘हॅपी बर्थडे! होप यू आर हॅविंग अ गुड वन’ एवढा संदेश पुरेसा आणि पुष्कळ.

खरं तर सोलापूरकराला हे नवं नसावं. गावाच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात कुणाला ‘पुट्टिन रोजु शुभाकांक्षलु’ म्हणताना किंवा कानडी घरात ‘हुट्टुहब्बद शुभाशयगळु’ म्हणताना आपण मराठी वाक्य मनात उलटवत बसत नाही. त्या घरात जसं म्हणतात तसं म्हणतो. कानडीत त्या दिवसाला ‘हब्ब’ म्हणजे सण म्हणतात, मराठीत वाढीचा दिवस, इंग्रजीत नुसता जन्माचा दिवस. तेलुगू, कानडी, मराठी या तीन चाली घरच्याच. इंग्रजी ही चौथी.

वय: इथे सगळ्यात जास्त गोंधळ

मराठीत ‘तिला पाचवं लागलं’ म्हणजे चार वर्षं पूर्ण झाली. इंग्रजीत वय म्हणजे पूर्ण झालेली वर्षं, बस्स. म्हणून ‘शी इज रनिंग फाइव्ह’ किंवा ‘फिफ्थ इज गोइंग ऑन’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पाच एवढंच राहतं. हे वाढदिवसापुरतं विनोदी आहे, पण शाळेच्या चौकशीत महाग पडतं. इंग्लंडमध्ये मूल साधारणपणे चार वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या सप्टेंबरात रिसेप्शन या शाळेच्या पहिल्या वर्गात जातं. तिथे चार आणि पाच यांत पूर्ण एक इयत्ता असते. ‘शीज फोर’ म्हणा. वाढदिवस जवळ असेल तर ‘शीज फाइव्ह इन मार्च’ किंवा ‘शीज टर्निंग फाइव्ह’. ‘टर्न’ हे क्रियापद पक्कं करून घ्या, वयाच्या बाबतीत ते सगळीकडे लागतं: ‘ही जस्ट टर्न्ड फिफ्टी’. ‘ही कम्प्लीटेड फिफ्टी इयर्स’ हे ‘पन्नाशी पूर्ण केली’चं शब्दशः रूप, ऐकणारा विचारतो, कशाची पन्नास वर्षं, नोकरीची? दोन वर्षांखालच्या बाळाचं वय महिन्यांत सांगतात: दीड वर्षाचा नव्हे, ‘एटीन मंथ्स’.

‘फर्स्ट बर्थडे’ म्हणजे जन्मानंतर वर्षाने येणारा. जन्मदिवस पहिला धरून मोजलं की सगळं एकाने सरकतं. मेणबत्त्यांचा आकडा विकत घेताना हे लक्षात येतं, पण तोवर आमंत्रण गेलेलं असतं.

पन्नासाव्याला ‘गोल्डन ज्युबिली बर्थडे’ लिहू नका. ज्युबिली राजाराणीची किंवा संस्थेची, माणसाचा ‘फिफ्टिएथ’. दशकाचे वाढदिवस जरा मोठे साजरे होतात आणि त्यांना गमतीने ‘द बिग फोर-ओ’, ‘द बिग फाइव्ह-ओ’ म्हणतात. त्याखेरीज १८ आणि २१. पण मोठ्या माणसाला किती पूर्ण झाली हे आपणहून विचारायचं नाही. त्याने सांगितलं तर ‘यू डोन्ट लुक इट’. लहान मुलाला मात्र बेधडक ‘हाउ ओल्ड आर यू टुडे?’ विचारा, त्याला तेच सांगायचं असतं. घरी आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन असेल आणि त्यासाठी रजा हवी असेल तर ‘इट्स अ सेरेमनी फॉर समवन हूज सीन अ थाउजंड फुल मून्स’ असं सांगा. हजार पौर्णिमा म्हणजे जेमतेम ८१ वर्षं. हिशोब ऐकून लोक खरंच खूश होतात.

मग आपली खास अडचण: एक जून. महाराष्ट्रात कित्येकांची कागदावरची जन्मतारीख शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली एक जून असते. इथे कंपनीची यंत्रणा त्या दिवशी शुभेच्छा पाठवते, सहकारी कार्ड देतात आणि आपण कसनुसं हसतो. वाक्य पाठ ठेवा: ‘दॅट्स माय बर्थडे ऑन पेपर, माय अॅक्चुअल बर्थडेज इन नोव्हेंबर’. मात्र सरकारी किंवा बँकेच्या फॉर्मवर पासपोर्टवरचीच तारीख. फॉर्मवरचा शब्द ‘डेट ऑफ बर्थ’, बोलण्यातला ‘बर्थडे’: ‘व्हेन्स युअर बर्थडे?’ ब्रिटनमध्ये तारीख आपल्यासारखीच, आधी दिवस मग महिना. अमेरिकेतल्या संकेतस्थळावर महिना आधी, त्यामुळे ४/७ म्हणजे सात एप्रिल. घरी तिथीने वाढदिवस करत असाल तर ‘वी गो बाय द लूनर कॅलेंडर, सो इट मूव्ह्ज अराउंड’.

चुकलं, किंवा आधीच आठवलं

उशीर झाला तर ‘हॅपी बिलेटेड बर्थडे’. ‘बिलेटेड हॅपी बर्थडे’ही चालतं. त्याहून सहज म्हणजे ‘सॉरी आय मिस्ड युअर बर्थडे, होप यू हॅड अ गुड वन’. कारणमीमांसा नको. आधी द्यायच्या असतील तर ‘अॅडव्हान्स हॅपी बर्थडे’ हा प्रयोग इथे ओळखीचा नाही. शुक्रवारी निघताना ‘हॅपी बर्थडे फॉर संडे’ म्हणतात. अमेरिकेत ‘हॅपी अर्ली बर्थडे’.

रात्री बाराला फोन करून उठवणं हा प्रेमाचा प्रकार इथे कुणालाच कळत नाही. घरच्यांना करायचा असेल तर सोलापूर हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. म्हणजे तिकडचे बारा इकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहा, उन्हाळ्यात साडेसात.

कार्डाचं पाकीट

पाकीट आलं की दहा मिनिटांत लिहून पुढे द्या, आणि ज्याचा वाढदिवस त्याच्या टेबलावर ठेवून जाऊ नका. मधोमध मोठ्या अक्षरात लिहायचं नाही. कोपऱ्यातली जागा धरायची. मजकूर कार्डावर छापलेला असतोच, म्हणून ‘डिअर’पासून सुरुवात नको. ‘हॅव अ great डे’ असं लिपी मिसळूनही लिहू नका, मित्राला गंमत वाटेल पण बाकीच्यांना वाचता येणार नाही. ‘हॅव अ लव्हली डे’ आणि खाली स्वतःचं नाव, वाचता येईल असं. सही नव्हे, आपली बँकेतली सही कुणालाच लागत नाही. फार जवळचा नसेल तर शेवटी ‘बेस्ट विशिझ’, मित्राला ‘लव्ह फ्रॉम’. ‘रिगार्ड्स’ ईमेलचं. नावापुढे इंग्रजी एक्स दिसेल, तो पापा. मैत्रिणी आणि घरचे सहज लिहितात, त्यात प्रेमप्रकरण शोधू नका आणि आपण ऑफिसात लिहू नका.

पाकिटात कधी नाणी खुळखुळतात. त्याला ‘व्हिप-राउंड’ म्हणतात, म्हणजे वर्गणी. दोन ते पाच पौंड टाकले की झालं. कुणी किती दिले याची यादी नसते, आणि शुभेच्छुक म्हणून नाव कुठे झळकत नाही.

केक, अंडं आणि शेंगा

ब्रिटिश ऑफिसात बहुतेक ठिकाणी ज्याचा वाढदिवस तोच केक आणतो, एखाद्या टेबलावर ठेवतो आणि ‘देअर्स केक इन द किचन, हेल्प युअरसेल्व्ह्ज’ असा संदेश टाकतो. हेच आमंत्रण. कुणी आग्रह करायला येणार नाही, आणि ‘नको नको’ म्हणून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहिलीत तर केक संपलेला असेल. उलट बाजूनेही तेच: आपण आणलेला पदार्थ एकदा विचारावा, ‘आय एम फाइन, थँक्स’ म्हणजे खरोखर नको. स्वतःच्या हाताने भरवणं, तोंडाला क्रीम फासणं, पाठीत गुद्दे, यांतलं काहीही नाही.

‘गिव्ह मी पार्टी’, ‘व्हेअर इज माय ट्रीट?’ हे तर अजिबात नको. पबमध्ये नियम उलटा असतो: ज्याचा वाढदिवस त्याला बाकीचे पाजतात. ‘लेट मी गेट यू अ ड्रिंक, इट्स युअर बर्थडे’. दारू घेत नसाल तर ‘अ लेमनेड वुड बी लव्हली’ म्हणा, का घेत नाही ते कुणी विचारणार नाही. आपण स्वतःहून खर्च करणार असाल तरच ‘इट्स ऑन मी’.

शाकाहारी माणसासाठी: इथे ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं बसतं, ‘प्युअर व्हेज’ कुणाला कळत नाही. ‘आय डोन्ट ईट एग्ज’ असं सरळ सांगा. मुलांच्या जेलीच्या गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून काढतात. पाकीट उलटून वाचा.

आता कौतुकाने नेलेली शेंगदाण्याची चटणी. इथल्या अन्नकायद्यात अॅलर्जीचे १४ पदार्थ ठरलेले आहेत. त्यांत शेंगदाणे आहेत, आणि तीळही. शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेल्या माणसाला कणभर पुरतो, आणि त्या चटणीचा चमचा दुसऱ्या डब्यात गेला तरी तोच धोका. पुष्कळ शाळा शेंगदाणे आणि सुकामेवा आणू नका असं आधीच कळवतात. त्यामुळे शाळेत चटणी, शेंगापोळी, चिक्की, लाडू काहीही नाही. ऑफिसात न्यायचीच असेल तर वेगळा बंद डबा, वेगळा चमचा आणि वर चिठ्ठी: ‘कंटेन्स पीनट्स’. ‘ग्राउंडनट’ लिहू नका, तो शब्द इथे अनेकांना कळत नाही आणि इथे न कळणं परवडत नाही.

भेट म्हणून सोलापुरी चादर त्यापेक्षा बिनधोक. तिला ‘बेडशीट’ म्हटलं तर पातळ पलंगपोस डोळ्यांसमोर येतो, ‘ब्लँकेट’ म्हटलं तर लोकर. ‘अ कॉटन थ्रो’ म्हणा आणि पुढे ‘इट्स वोव्हन इन माय होमटाउन’. भौगोलिक मानांकन वगैरे त्याने विचारलं तर. पहिल्या धुण्यात गडद रंग जाऊ शकतो, म्हणून देतानाच ‘वॉश इट सेपरेटली द फर्स्ट टाइम’. बोलण्यात ‘गिफ्ट’पेक्षा ‘प्रेझेंट’ जास्त ऐकू येतं, आणि ‘ही गिफ्टेड मी’ऐवजी ‘ही गेव्ह मी’. पाकिटात पैसे घालायचे तर १० किंवा २० पौंड. वरचा एक रुपया इथे कुणाला कळणार नाही, एखादा सुटा पौंड चुकून राहिला म्हणून परत देईल.

पोरांची पार्टी

आमंत्रणावर वेळ दोन ते चार लिहिली असेल तर दोनला पोचायचं आणि चारला निघायचं. पावणेतीनला गेलात तर खेळ संपलेले आणि साडेचारपर्यंत बसलात तर यजमान सतरंज्या गुंडाळताहेत. आमंत्रण ज्या मुलाचं त्याचंच. धाकट्याला न्यायचं तर आधी विचारा: ‘वुड इट बी ओके इफ हिज लिटल सिस्टर केम अलाँग?’ उत्तर लवकर पाठवा, कारण डोकी मोजून पैसे भरलेले असतात: ‘थँक्स फॉर द इन्व्हाइट, ही’ड लव्ह टू कम. ही डझन्ट ईट एग्ज’. दहा पौंडांच्या आसपासचं खेळणं किंवा पुस्तक पुरतं. प्रेझेंट बहुधा तिथे उघडत नाहीत. निघताना पोराच्या हातात खाऊची छोटी पिशवी येते, ‘पार्टी बॅग’, ती नाकारायची नाही.

गाणं झाल्यावर कुणीतरी ‘हिप हिप’ ओरडतं, बाकीच्यांनी ‘हुरे’ म्हणायचं, तीनदा. पहिल्यांदा दचकायला होतं.

वर्गातलं एखादं मूल येणार नाही आणि कारणही सांगणार नाही. यहोवाज विटनेसेस पंथाचे लोक वाढदिवस साजरे करत नाहीत. ऑफिसातही असा सहकारी असू शकतो; त्याच्यासाठी कार्ड फिरवण्याआधी जुन्या लोकांना विचारावं.

उच्चाराचं थोडं

‘बड्डे आहे भावाचा’ मधला ‘बड्डे’ इथे चालत नाही. आपला ‘थ’ जीभ दातांना टेकवून फुटतो. इंग्रजीतला तिथे जीभ दातांच्या फटीत हलकेच ठेवून नुसती हवा सोडायची. ब्रिटनच्या बहुतेक भागांत ‘र’ उच्चारत नाहीत, त्यामुळे ‘बऽथ्डे’ असं ऐकू येईल. आपण ‘र’ ठेवला तरी बिघडत नाही, ‘थ’चा ‘ड’ झाला तर मात्र बिघडतं. ‘हॅप्पी’ नव्हे ‘हॅपी’, एकच प. जोर ‘बर्थ’वर. ‘विश’ म्हणताना आधी ओठांचा चंबू, ‘ऊ’ म्हणायला निघाल्यासारखा. खालचा ओठ दाताला लागला की तो दुसराच व होतो.

आणि घरी इथल्या मुलांना बोलावून औक्षण करणार असाल तर आधी एक वाक्य सांगून ठेवा: ‘माय ग्रॅन सर्कल्स अ लॅम्प इन फ्रंट ऑफ मी, इट्स अ ब्लेसिंग’. ताटात सुपारी, अंगठी, अक्षता काय आहे ते मुलं विचारतील, हातात देऊन दाखवा. निरांजनाने धुराचा भोंगा सहसा वाजत नाही. कापूर आणि उदबत्ती भोंग्याजवळ लावली तर वाजू शकतो. ताट केकच्या टेबलापासून दूर ठेवा, कारण पेटलेली वात दिसली की इथलं प्रत्येक मूल गाल फुगवून पुढे येतं. ‘दिस वन वी डोन्ट ब्लो आउट’ हे ताट उचलण्याआधी म्हणायचं, नंतर नाही.